गाडीला दिलेलं आवतन

१

रत्नाकर देवतळे रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा लोकांना वाटलं, आता हा माणूस निवांत झोपा काढेल. झालं उलटंच. भोंगा अजून कानात वाजतोय अशा घाईनं ते उठत, चहा घेत आणि रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन मेव्हण्याच्या गाडीशी भांडत बसत. आनंदीबाई त्या गाडीला सवत म्हणायच्या. पण शेडमध्ये दुसरा चहा नेऊन द्यायच्याही त्याच.

गाडी जुनी फियाट. म्हणजे कागदावर फियाट. आनंदीबाईंचे थोरले भाऊ नरहर यांनी तरुणपणी तिला शर्यतीसाठी पार सोलून काढलं होतं. शर्यतही वेगळीच. युद्धकाळातल्या एका ओसाड धावपट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सरळ रेषेत पाव मैल सुसाट सुटायचं आणि कोण पुढे गेलं ते बघायचं. वळायचं नाही, थांबायचं नाही. त्यासाठी नरहरनी काचा काढून प्लॅस्टिक लावलं, सायलेन्सर फेकला, मागे रुंद टायर चढवले. मागची सीट गेली, शेजारचीही गेली. वजन नको म्हणून हँडब्रेकसुद्धा काढून टाकला. उरली ती चालकाची एक जागा. धाकटी आनंदी हट्ट करायची, "दादा, मले एक चक्कर मारून आण ना." दादा म्हणायचा, "तुले बसवू कुठं, माह्या डोक्यावर?" पुढे नरहर आजारपणात गेले. गाडी बीरगांवच्या एका गोदामात धूळ खात पडली आणि फिरत फिरत शेवटी बहिणीकडे आली.

गेल्या उन्हाळ्यात आनंदीबाईंच्या हृदयानं एकदा दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा छातीत दुखलं तर वेळ काढू नका, सरळ इकडे या. इकडे म्हणजे नवा रायपुरात. तिथं रस्ते असे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, पण बस दिसली तर नशीब. आणि पुरानी बस्तीतल्या यांच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरतच नाही. मुलगी राधा तिकडेच एका सरकारी कार्यालयात नोकरीला. ती फोनवर म्हणायची, "बाबा, आप लोग इधर शिफ्ट हो जाओ ना. मुझे टेन्शन रहता है."

आनंदीबाई घर सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी नवऱ्याला एकच सांगितलं, "दादाची गाडी रस्त्यावर आणा. मले तिच्यात बसाचं आहे. दवाखान्यात जायाचं असन तर तिच्यातच जाईन."

म्हणून हे भांडण. रत्नाकररावांनी काचा बसवल्या, वायपर बसवला, हॉर्न, सायलेन्सर, हँडब्रेक सगळं एकेक करून परत आणलं. शेजारची सीट तर बायकोच्या आवडीच्या हिरव्या रेक्झिननं मढवून घेतली. राहिलं होतं इंजिन. नरहरनी ते इतकं तापट करून ठेवलं होतं की चौकात उभं राहून ते दम धरणार नव्हतं. त्याला माणसाळवायला गिअरबॉक्ससकट उतरवून बीरगांवच्या एका लेथवाल्याकडे पाठवलं होतं. पोटातलं ओझं गेल्यामुळे गाडी पुढून चांगली वीतभर उचलली गेली होती आणि नाक वर करून शेडमध्ये उभी होती.

२

रत्नाकररावांचे वडील हिंगणघाटकडचे. शेती सुटली, बैलजोडी विकली आणि ते रेल्वेत लागून रायपूरला आले. बैल गेले तरी पोळा काही गेला नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण, म्हणजे आवतन देतात. वडिलांनी ते आवतन सायकलला द्यायला सुरुवात केली. वर्षभर कामावर नेते-आणते, तिचा मान नको? पुढे रत्नाकररावांनी तेच स्कूटरला केलं. शेजारपाजारचे हसले, मग त्यांना सवय झाली.

यंदा स्कूटर विकलेली. तरी आनंदीबाई दिवेलागणीला तुपाची वाटी घेऊन शेडमध्ये आल्याच.

"कोणाले लावू?" रत्नाकरराव म्हणाले. "हिनं वर्षभर काय वाह्यलं? उलट आपणच हिले वाहून आणली."

"लावा हो. सणाच्या दिवशी दारात उभी आहे. उपाशी काहून ठेवाची?"

आवतन राबलेल्याला द्यायचं असतं, ओळखीच्याला द्यायचं असतं, हे रत्नाकररावांना ठाऊक होतं. आत काहीच नसलेल्या गाडीला ते द्यावं का, असा प्रश्न त्यांच्या मनात येऊन गेला. पण बायकोचा चेहरा बरेच दिवसांनी असा खुलला होता. त्यांनी बोटं वाटीत बुडवली आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, जिथे बैलाचा खांदा असता तिथे, तूप-हळद चोळायला सुरुवात केली.

पत्रा कोमट लागला. दिवसभर शेड तापलं असेल, त्यांनी मनात म्हटलं, आणि लगेच आठवलं की तीन दिवस आभाळ भरलेलं आहे. हात तसाच फिरत राहिला. डाव्या मडगार्डवर तळवा टेकला असताना खालचा पत्रा थरथरला. बैलाच्या अंगावर माशी बसली की कातडी जशी थरथरते, तसा. त्यांनी हात उचलला. मोठ्या रस्त्यावरून ट्रक गेला असेल.

"बोला ना," आनंदीबाई दिवा ठेवायला वळल्या होत्या.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवाले या."

शेडमध्ये कुणीतरी लांब श्वास सोडला.

"केवढा सुस्कारा टाकला," आनंदीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "थकले का?"

रत्नाकररावांनी हो म्हटलं. सुस्कारा त्यांनी टाकला नव्हता.

३

पोळ्याच्या सकाळी ते चहाच्या आधीच शेडमध्ये गेले. गाडीचं नाक खाली आलं होतं.

गाडी अगदी समतल उभी होती, आत इंजिन असावं तशी. त्यांनी खाली वाकून टायर पाहिले, हवा ठीक होती. स्प्रिंगा पाहिल्या, त्या दबल्या होत्या, पण तुटल्या नव्हत्या. मग त्यांनी बॉनेट पूर्ण उघडलं. आत काही नव्हतं. मोकळी पोकळी, आणि तिच्यातून खाली शेडची फरशी दिसत होती. फरशीवर चार दिवसांपूर्वी हरवलेला एक नट पडला होता. त्यांनी हात घालून तो उचलला आणि तेवढ्यापुरतं त्यांना बरं वाटलं.

आयुष्यभर लोखंडाशी पडलेली गाठ. लोखंड कारणाशिवाय वाकत नाही, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. स्प्रिंग जुनी असेल, अडकून बसली असेल, रात्रीच्या गारव्यात सुटली असेल. त्यांनी बंपर धरून गाडी वर उचलून पाहिली. इंजिन काढल्यापासून ती एका माणसाला हलायची. आज हलली नाही. जोर लावला तसं वरून कुणीतरी तितकंच रेटलं, फार नाही, बसलेलं जनावर उठायला कंटाळा करतं तेवढंच.

त्यांनी हात पुसले आणि घरात गेले. आनंदीबाई पुरण वाटत होत्या. लहान पोरं गल्लीत चाकांचे मातीचे बैल ओढत होती, त्यांची खडखड ऐकू येत होती.

"काय म्हणते सवत?" आनंदीबाईंनी विचारलं.

"जेवणाची वाट पाहून राहिली," ते म्हणाले. त्या हसल्या. रत्नाकररावांना हसायला जमलं नाही.

४

दुपारी गल्ली रिकामी झाली. सगळा पारा, म्हणजे सगळी वस्ती, मैदानावर बैलांची दौड पाहायला गेला होता. आनंदीबाईंनी ताट वाढलं, पुरणपोळी, वर तूप, कढी, भजी, आणि ते घेऊन त्या शेडकडे निघाल्या. रत्नाकरराव मागून पाण्याचा तांब्या घेऊन आले.

ताट बाकावर ठेवता ठेवता आनंदीबाई थांबल्या. त्यांनी डावा हात उजव्या हातानं धरला.

"मले बसू द्या जरा," त्या म्हणाल्या.

सगळ्यात जवळ गाडीच होती. दार उघडून त्या हिरव्या सीटवर बसल्या. कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. रत्नाकररावांनी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली, फोन लावला. रुग्णवाहिका निघाली होती, पण दौडीच्या गर्दीपलीकडे होती, आणि आली तरी मोठ्या रस्त्यापर्यंतच येणार होती. त्यांनी ओळखीच्या ऑटोवाल्याला फोन केला. मागून ढोल-ताशाचा आवाज आला, बोलणं कळलं नाही. राधाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मैं निकल रही हूँ, आप बस आई को लेकर आओ, कैसे भी." कसंही म्हणजे कसं, हे त्यांना कळेना. बायकोला उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत नेण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती, आणि तिला एकटी सोडून धावायची हिंमत नव्हती.

ते दुसऱ्या बाजूनं चालकाच्या जागेवर बसले, कारण तिचा हात धरायला तीच जागा होती.

"बरं झालं सीट लावली," आनंदीबाई डोळे मिटून म्हणाल्या. "दादानं कधी बसवलं नाई."

रत्नाकररावांना रडू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईनं काही मागितलं नव्हतं. मागितली ती एक चक्कर, आणि त्यांनी गाडीचं काळीजच बीरगांवला पाठवून ठेवलं होतं. त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि कुणाला उद्देशून ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही, पण म्हणाले, "घेऊन चल बाबा इले."

गाडी पुढून हळूच उचलली गेली, जू मानेवर आलं की बैल मान उचलतो तशी, आणि शेडबाहेर निघाली.

५

उतार आहे, हे त्यांच्या मनात पहिलं आलं. गल्ली तलावाच्या बाजूला उतरते, हँडब्रेक सुटला असणार. त्यांनी ब्रेकवर पाय दिला. पाय खाली गेला, गाडीच्या चालीत फरक पडला नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि गल्लीतून तिला नीट बाहेर काढण्यापुरतं लक्ष दिलं.

उतार संपला. गाडी थांबली नाही. पुढे चढ लागला, तोही ती चढली.

आवाज काहीच नव्हता. वारा, टायरांची घरघर, आणि त्याखाली एक ठेका, गाडी दर काही हातांवर थोडी उचलायची आणि बसायची. लहानपणी आजोळी बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसल्यावर कमरेला जाणवायचा तोच. रत्नाकररावांनी बॉनेटकडे पाहायचं टाळलं. एकदा नजर गेलीच. पत्रा फुगत होता आणि बसत होता.

चौकात सिग्नल लाल होता. गाडी थांबली नाही. हॉर्न वाजवावा असंही त्यांना सुचलं नाही. पण समोरची माणसं आपणहून बाजूला झाली, फारसं न बघता, रस्त्यात बैल आला की लोक ज्या सवयीनं बाजूला होतात तशी. एका स्कूटरवालीनं पोराला मागे ओढलं आणि गाडीच्या पुढे, जिथे काहीच नव्हतं, तिथे एकदा हात जोडले. पोळाच होता.

नवा रायपूरचा रस्ता लागला. सरळ, रुंद, रिकामा. इथे गाडीची चाल बदलली. ठेका जवळ जवळ आला, मग इतका जवळ की वेगळा ऐकू येईना. दिव्याचे खांब सरकायला लागले, मग पळायला लागले. नरहर जिवंत असते तर यासाठी त्यांनी अजून दहा गाड्या सोलल्या असत्या. रत्नाकरराव भीतीनं गार पडले होते. आणि तरी त्या भीतीच्या आत कुठेतरी ते सारखं एकच म्हणत होते, तुझे उपकार, बाबा, तुझे उपकार.

"चालून राहिली ना हो दादाची गाडी," आनंदीबाई पुटपुटल्या.

"हो," ते म्हणाले. "मस्त चालून राहिली."

६

राधा दवाखान्याच्या दारात उभी होती. स्ट्रेचर आलं, आनंदीबाई आत गेल्या. एका तरुण डॉक्टरनं रत्नाकररावांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की वेळेवर आणलंत, अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. त्यांनी त्या पोराचे दोन्ही हात धरले.

मग पहारेकरी बोलवायला आला. नत्थू नाव त्याचं, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं.

"बाबूजी, आपके गाड़ी ले भाप निकलत हे. रेडिएटर खौल गया होगा. पानी लाऊँ?"

"हव," रत्नाकरराव म्हणाले. "बादलीभर आण भैया."

गाडी भिंतीच्या सावलीत उभी होती. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मडगार्डांवरची हळद घामात भिजल्यासारखी ओघळून चाकांपर्यंत आली होती. त्यांनी दार उघडून आत पाहिलं. हँडब्रेक त्यांनीच काल ओढून ठेवला होता. तो तसाच ओढलेला होता.

नत्थू बादली ठेवून फाटकाकडे गेला. रत्नाकररावांना जाता आलं असतं. पण ज्यानं आनंदीला इथवर आणलं, त्याच्याकडे पाठ फिरवणं त्यांना बरोबर वाटेना. त्यांनी कळ दाबली आणि बॉनेट चार बोटं उचललं.

कोमट, ओला, चघळलेल्या चाऱ्याचा वास तोंडावर आला. इंजिन नसलेल्या गाडीत वाकून पाहिलं की खालची जमीन दिसते, उजेड दिसतो. सकाळी फरशी दिसली होती, नट दिसला होता. आता जमीन दिसत नव्हती. पोकळी काठोकाठ काळोखानं भरली होती, आणि त्यांनी पाहिलं तसा तो काळोख जरासा अंग चोरून बाजूला सरकला.

त्यांनी बॉनेट अलगद टेकवलं. आवाज होऊ दिला नाही. बादली पुढच्या चाकापाशी सरकवली आणि ते बायकोकडे गेले. परत आले तेव्हा बादली कोरडी होती. नत्थूनं ओतलं असेल, असं ते स्वतःला सांगू शकले असते. त्यांनी सांगितलं नाही.

७

काही दिवसांनी आनंदीबाई घरी आल्या, त्या राधाच्या सहकाऱ्याच्या मोटारीतून. फियाट एका टेम्पोच्या मागे दोर बांधून घरी आणली होती. दोर वाटेत एकदाही ताणला गेला नाही, असं टेम्पोवाला म्हणाला. त्याला त्यात गंमत वाटली होती.

बीरगांवहून निरोप होता, इंजिन तयार आहे, घेऊन जा. रत्नाकररावांनी सांगितलं, सध्या राहू द्या. बसवायचं कुठं, हा प्रश्न त्यांना कुणाला विचारता येत नव्हता. खरं तर त्यांच्या मनात गाडी भंगारात द्यायचं येऊन गेलं होतं. ती भीती होती, आणि तिची त्यांना लाज वाटत होती.

शेवटी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. आनंदीबाईंनी ते ऐकून घेतलं. अशक्तपणा होता, पण डोकं पहिल्यासारखं चालत होतं. त्या शेडमध्ये जाऊन आल्या. पोळ्याचं ताट अजून बाकावर तसंच होतं. पुरणपोळी वाळून कडक झाली होती, पण तिला एक मुंगी लागली नव्हती.

"जेवला कुठं तो?" त्या म्हणाल्या. "आपण आवतन दिलं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आपण त्याच्याकडून काम करून घेतलं. अन् उपाशी ठेवला. तुम्ही काय भंगाराचं बोलून राहिले?"

त्या खुर्चीत बसून सांगत गेल्या आणि रत्नाकरराव पुरण शिजवत गेले. पहिल्या दोन पोळ्या फाटल्या. तिसरी बरी झाली.

भर दुपारी दोघं शेडमध्ये गेले. गाडी समतल उभी होती. रत्नाकररावांनी डाव्या बाजूनं बॉनेट उचललं, ताट फटीत धरलं आणि डोळे मिटून घेतले.

ताट हातातून ओढून घेतलं गेलं. घाई नव्हती. आत सावकाश चघळल्याचा आवाज येत राहिला, आणि त्यानं त्यांचा जीव का कोण जाणे निवत गेला. मोठी खरखरीत जीभ पितळेवर फिरल्याचा आवाज आला. मग ताट परत बोटांना लागलं, लख्ख चाटलेलं. रत्नाकररावांनी हात जोडले. "तिले आणलं," ते म्हणाले. "तुझे उपकार कसे फेडू, बाबा."

त्यावर उजव्या मडगार्डच्या आतून कुणीतरी पत्र्याला शिंग घासलं.

आनंदीबाई दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी त्या बाजूला पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांच्या तोंडावर भीती होती, आणि सणाच्या दिवशी पंगतीत कुणी वाढायचं राहिलं तर बाईमाणसाला वाटते ती शरमही होती.

"एकच ताट आणलं तुम्ही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही तर दोन्ही खांदे मळले होते ना. बंडी एका बैलावर चालते का कधी?"

रत्नाकरराव स्वयंपाकघरात गेले. त्यांनी दुसरं ताट वाढलं. दुसऱ्याला उशीर झाला होता, म्हणून तूप त्यांनी जरा जास्तच घातलं.